कॅम्परव्हॅनसाठी जनरेटर, इन्व्हर्टर, बॅटरी: नक्की काय घ्यावं?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. दिवाळीत जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, ३३५० व्हीलबेसवाली. आत दोन बेड, एक ओटा, मागे सामानाचा कप्पा एवढं सुतारकाम होत आलंय. आता इलेक्ट्रिकचं काम काढायचंय आणि तिथेच घोडं अडलंय. भोसरीचा बॉडीवाला म्हणतो ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर मागे बसवू, घरात असतो तसला इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या टाकू, टेन्शन नाही. भाचा म्हणतो मामा जनरेटर अजिबात नको, सगळं लिथियम आणि सोलर कर. दोघंही इतक्या खात्रीने बोलतात की मला रात्री झोप येत नाही.

आम्ही चौघं. मी, बायको, मुलगा नऊ वर्षांचा आणि आई बहात्तरची. आईसाठीच हा सगळा खटाटोप आहे, तिला कोकणात जायचं असतं पण लॉजमधल्या गाद्या आणि दोन जिने चढणं तिला आता होत नाही. तिला पंख्याशिवाय झोप लागत नाही आणि उन्हाळ्यात एसी असेल तर बरं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. बहुतेक ट्रिपा दोन-तीन दिवसांच्या, पवना, पानशेत, दिवेआगर, हरिहरेश्वर, फार तर वर्षातून एक लांबची. इलेक्ट्रिकला दीड-दोन लाखांपर्यंत जाऊ शकतो. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

वायरमन_बिबवेवाडी
दादा, जनरेटर का लिथियम हा प्रश्न शेवटचा, पहिला प्रश्न तुम्हाला दिवसाला किती युनिट लागणार हा आहे. बॉडीवाल्याने विचारलं का? नसेल विचारलं तर त्याने अंदाजपंचे सांगितलंय. एक कागद घ्या, गाडीत जे जे चालणार त्याचे वॉट आणि तास लिहा. वॉट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट, महावितरणच्या बिलात असतं तेच. तीस वर्षं घरांची वायरिंग केली, लोक लोड न काढता इन्व्हर्टर घेतात आणि मग वर्षभर माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. एसी वेगळा लिहा, इंडक्शन वेगळा लिहा. बाकी सगळं एका बाजूला.

सिंहगडरोडकर
काका धन्यवाद, लगेच बसून काढलं. ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, उन्हाळ्यात दिवसाला अर्धा युनिट धरला. १२ व्होल्टचेच तीन पंखे, २० वॉटचे, रात्रीचे नऊ तास म्हणजे ०.५४. एलईडी दिवे ०.०५. मोबाइल आणि बायकोचा लॅपटॉप, तिला कधी कधी काम असतं, ०.२. पाण्याचा पंप ०.०२. मिक्सर सकाळी पाच मिनिटं चटणीपुरता, ०.०५. बेरीज १.३६ युनिट. एसी आणि इंडक्शन यात नाहीत.

वायरमन_बिबवेवाडी
छान केलंत. दीड युनिट धरून चला, वायरीत आणि इन्व्हर्टरमध्ये थोडं जातंच.

आता नीट बघा, तुमच्या यादीत २३० व्होल्ट लागणारं काय आहे? मिक्सर आणि लॅपटॉप, बस. बाकी सगळं थेट १२ व्होल्टवर चालतंय. घरचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काही लावलं नाही तरी १५-२० वॉट खातो. १५ वॉट गुणिले २४ तास म्हणजे ०.३६ युनिट, तुमच्या अख्ख्या दिवसाच्या खर्चाचा पाव भाग फुकट. म्हणून पंखे, दिवे, फ्रिज, मोबाइलचे सॉकेट सगळं १२ व्होल्टच्या फ्यूजबॉक्समधून द्या आणि इन्व्हर्टरला हाताशी स्विच ठेवा, मिक्सर लावायचा तेव्हा चालू, झाला की बंद. १००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह पुरतो. स्क्वेअर वेव्ह स्वस्त मिळेल पण घेऊ नका, मिक्सर त्यावर घरघरतो, मोटर तापते.

इंडक्शनचा मोह टाळा असं मी म्हणेन. १५०० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढते. ५ किलोचा छोटा गॅस सिलेंडर ठेवा, नीट बांधून, खाली हवा जायला भोक ठेवून. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो, म्हणून भोक खाली.

ट्युब्युलरवाला
मी थोडं उलट बोलणार आहे. माझ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गेली चार वर्षं ट्युब्युलरच आहे आणि मला पश्चात्ताप नाही. लिथियम बिघडलं तर कुठे नेणार? ट्युब्युलर दापोलीत मिळते, अकोल्यात मिळते, कुठल्याही तालुक्याच्या गावी बॅटरीवाला असतो, पाणी टाकून देतो, जुनी देऊन नवी घेता येते. खर्च एक तृतीयांश. सगळ्यांनाच दोन लाख घालायची हौस नसते. बॅटरी वेगळ्या बंद पेटीत ठेवा आणि पेटीला बाहेर जाणारा पाइप द्या, काही होत नाही.

भटकी_कोथरूड
ट्युब्युलरवाला दादा, तुमचं मिळण्याबद्दलचं म्हणणं अगदी खरं आहे, ते मी मान्य करते. पण त्यांच्या वापरात अडचण वेगळीच आहे. लेड अॅसिड बॅटरी, म्हणजे तुमची ट्युब्युलर, पहिली ८० टक्के पटकन भरते आणि शेवटची २० टक्के भरायला चार-पाच तास घेते. दोन तास गाडी चालवली, मग उभी, मग परत दोन तास, अशा वापरात ती कधीच पूर्ण भरत नाही आणि अर्धवट राहून राहून प्लेटवर सल्फेट चढतं. तुमची गाडी रोज चालते का? मग तुमची टिकली असणार. यांची आठवडाभर सोसायटीत उभी राहणार.

आणि वजन बघा. १५० एएचच्या दोन म्हणजे ३.६ युनिट कागदावर, पण आयुष्य जपायचं तर अर्धीच वापरायची, म्हणजे १.८. वजन शंभर किलोच्या वर. १२.८ व्होल्ट २०० एएचची एक लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे २.५६ युनिट, त्यातले सव्वादोन आरामात वापरता येतात आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास. वरंध घाटात मागच्या अॅक्सलवरचे पाऊणशे किलो कमी असणं हे ड्रायव्हरलाच कळतं. शिवाय चार्ज होताना ट्युब्युलरमधून हायड्रोजन निघतो, त्याच डब्यात आजी झोपणार आहेत. पेटी आणि पाइप तुम्ही म्हणता तसं नीट केलं तर चालतं, पण बॉडीवाले करतात का? मी पाहिलेल्या पाचपैकी चार गाड्यांत बॅटरी नुसती सीटखाली होती.

ट्युब्युलरवाला
रोज चालते, बरोबर ओळखलंत. शाळेच्या फेऱ्या असतात. ते सल्फेटचं पटलं.

सिंहगडरोडकर
म्हणजे २०० एएच लिथियम एक. ठीक. पण ती भरणार कशी? सोलरवर विश्वास ठेवू का? आणि पावसाळ्यात?

भटकी_कोथरूड
तीन वाटा ठेवा. घरी १६ अँपिअरच्या सॉकेटवरून चार्जर, निघताना बॅटरी भरलेली. गाडी चालताना अल्टरनेटरवरून. उभी असताना छतावरचे पॅनल. तुमच्या छतावर २०० वॉटचे दोन सहज बसतील, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर घ्या, पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देतो तो. सपाट बसवलेले असतात त्यामुळे पूर्ण ४०० वॉट कधी दिसणार नाहीत, पण फेब्रुवारी ते मे पुण्याच्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास येतात, म्हणजे तुमचा रोजचा खर्च सुटला. गाडी आंब्याच्या सावलीत लावलीत तर सोलर गेला हेही लक्षात ठेवा, गारवा आणि वीज दोन्ही एका जागी मिळत नाही. जुलैत ताम्हिणीच्या बाजूला पाव युनिट आलं तरी खूप. तेव्हा दोन रात्रींचे तीन युनिट लागणार, बॅटरीत सव्वादोन, थोडं सोलरचं, बाकी गाडी फिरवून. जमतं. तिसऱ्या रात्री मात्र कुठेतरी दोन-तीन तास चालवावी लागते, ती तशीही चालतेच.

अल्टरनेटरची वायर थेट लिथियमला जोडू नका, कुणी रिले लावून देतो म्हणाला तरी नको. लिथियमचा आतला रोध फार कमी, ती अल्टरनेटर देईल तेवढं ओढते आणि इंजिन आयडलवर असताना त्याला गार करणारा पंखा हळू फिरतो म्हणून अल्टरनेटर तापून जळतो. नव्या बीएस६ गाड्यांत तर अल्टरनेटरचा व्होल्टेज ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खालीवर करतो, मग बॅटरी भरतच नाही. मधे ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर लावा. तो साधारण ४०० वॉट देतो. पुण्याहून दिवेआगर साडेचार तास धरले तर पोचेपर्यंत पावणेदोन युनिट बॅटरीत पडलेले असतात. मला हे एक यंत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, पॅनलपेक्षाही.

पिरंगुटवासी
वाचनखूण साठवली. एसीचं काय ठरलं? आईंसाठी महत्त्वाचं आहे ते.

वायरमन_बिबवेवाडी
एसीचं सांगतो. पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात ८०० वॉटच्या आसपास घेतो, गार झाल्यावर निम्म्यावर येतो. रात्रीचे आठ तास म्हणजे साडेतीन-चार युनिट. तुमच्या बाकी सगळ्या संसाराला दीड आणि एकट्या एसीला चार. म्हणजे २०० एएचच्या आणखी दोन बॅटऱ्या, २४ व्होल्टची सिस्टिम, जाड केबल, आणि ते सगळं दुसऱ्या दिवशी भरणार कुठून? छतावरून येत नाही. जनरेटरचा विषय खरा इथून सुरू होतो. एसी नसेल तर तुम्हाला जनरेटर लागत नाही. एसी हवाच असेल तर बाहेरून वीज हवी, मग ती जनरेटरची असो की कॅम्पसाइटच्या प्लगची.

भटकी_कोथरूड
जनरेटरवर मला मनापासून लिहायचंय, कारण माझ्याकडे होता आणि मी विकला.

२ केव्हीएचा पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर, सुटकेससारखा, वीस-एकवीस किलोचा. वस्तू म्हणून उत्तम. पण पेट्रोलचं गणित बघा. होंडाच्या ईयू२२००आयचं माहितीपत्रक घ्या, टाकी ३.६ लिटरची, पूर्ण १८०० वॉटवर ३.२ तास चालतो, पाव लोडवर ८.१ तास. म्हणजे पूर्ण लोडवर लिटरला १.६ युनिट, पाव लोडवर लिटरला एकच. लोक जनरेटर घेतात आणि त्यावर १० अँपिअरचा छोटा चार्जर लावून दिवसभर भुरभुर चालू ठेवतात, त्यात पेट्रोल जास्त जातं आणि शेजारचे तंबूवाले वैतागतात. चार्जर ६० अँपिअरचा असेल तर बॅटरी साडेतीन तासांत भरते आणि जनरेटर बंद. बॅटरी तेवढा करंट घेते का ते आधी बघायचं.

स्पितीला नेला तेव्हा खरी परीक्षा झाली. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते, म्हणजे तिथे ४० टक्के गेली. चार्जर लावला की धापा टाकायचा, काळा धूर. आणि पहाटे उणे चार असताना बॅटरी चार्जच होईना. आम्हाला वाटलं बिघडली. लिथियम शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, आत लिथियमचा थर जमून सेल कायमची खराब होते, म्हणून बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने, चार्जिंग अडवलं होतं. नऊ वाजता ऊन आत आलं आणि आपोआप चालू झालं. ज्या बॅटरीत हा लो टेम्परेचर कट नाही ती घेऊ नका, लांबची ट्रिप तुम्ही म्हणालात म्हणून सांगतेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पवनेला एका पावसाळी रात्री आमच्या ओळखीच्या कुटुंबाने जनरेटर भिजू नये म्हणून गाडीच्या मागे ऑनिंगखाली, म्हणजे गाडीला लावलेल्या कापडी छपराखाली, ठेवला, मागचं दार थोडं उघडं. पहाटे दोनला त्यांची मुलगी उलटी करत उठली, डोकं ठणकतंय म्हणाली, म्हणून सगळे जागे झाले आणि बाहेर आले. मुलगी उठली नसती तर काय झालं असतं याचा विचारही मला अजून करवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. जनरेटर गाडीत, कप्प्यात, ऑनिंगखाली, खिडकीजवळ कधीही नाही. निदान वीस फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराचं तोंड पलीकडे. झोपताना बंदच. आणि जनरेटर असो नसो, गॅसची शेगडी आहे म्हणून डब्यात सीओ अलार्म बसवाच, एवढं ऐका माझं.

बॉडीवाला मागच्या कप्प्यात ३ केव्हीए बसवतो म्हणतोय ना, त्याला हे विचारा की धूर कुठे जाणार. बेड त्याच्याच वर आहे.

सिंहगडरोडकर
ताई, वाचून अंगावर काटा आला. बेड खरंच त्याच्याच वर आहे. जनरेटर रद्द.

रात्रपाळी_चाकण
रद्द बरोबर केलंत. आणखी एक, रात्री दहा ते सकाळी सहा रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांत समजला जाणारा जनरेटरही त्यापेक्षा जास्त आवाज करतो.

मला केबलबद्दल सांगायचंय कारण माझी गाडी जळता जळता वाचली. १५०० वॉटचा इन्व्हर्टर, एका वर्कशॉपने बसवून दिलेला, नाव घेत नाही. भंडारदऱ्याला चहा करायला किटली लावली, दोन मिनिटांत जळक्या रबराचा वास. सीट उचलली तर पॉझिटिव्हच्या लगवरची (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवरची) लाल श्रिंक ट्यूब काळी पडून फुगलेली आणि लग हाताने हलत होता. त्याने लग हातोडीने चेपून बसवला होता, क्रिम्प, म्हणजे यंत्राने नीट दाबून घट्ट, केलाच नव्हता. केबल १६ स्क्वेअर मिमीची. आणि फ्यूज कुठे, तर इन्व्हर्टरच्या बाजूला, बॅटरीपासून सहा फुटांवर. म्हणजे मधली केबल पत्र्याला घासली असती तर अडवायला काहीच नव्हतं.

मंडळी, १००० वॉट म्हणजे १२ व्होल्टला ९० अँपिअर, २००० वॉट म्हणजे १८० च्या वर. १००० ला २५ किंवा ३५ स्क्वेअर मिमी, २००० ला ७०. तांब्याची, बारीक तारांची वेल्डिंग केबल, अॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली नको. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत फिरलात तर हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून देणारे सापडतात, लांबी मोजून न्या आणि तिथेच करून घ्या. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज केबल वाचवायला असतो, इन्व्हर्टर वाचवायला नाही.

वायरमन_बिबवेवाडी
रात्रपाळी यांचा प्रतिसाद प्रिंट काढून बॉडीवाल्याच्या हातात द्या. त्यात भर, बॅटरी घेताना नुसतं २०० एएच बघू नका, आतल्या बीएमएसचा कंटिन्युअस करंट विचारा. १०० अँपिअरचा बीएमएस असेल तर ती बॅटरी १२८० वॉटच्या वर देणारच नाही, इन्व्हर्टर कितीही मोठा लावा. पुष्कळ जण २००० वॉटचा इन्व्हर्टर घेतात आणि शेगडी लावली की सगळं धपकन बंद. मग इन्व्हर्टर बदलून आणतात, परत तेच. तुमच्या १००० वॉटला १०० चा बीएमएस कसाबसा, १५० चा घ्या, मिक्सर सुरू होताना दुप्पट-तिप्पट झटका घेतो. आणि चार्जरला लिथियमची सेटिंग असली पाहिजे, १४.४ च्या आसपास, लेड अॅसिडचं इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) चालू राहिलं तर ते बीएमएसलाच मारतं. २३० व्होल्टच्या बाजूला आरसीसीबी, म्हणजे शॉक लागला की वीज तोडणारा स्विच, लावायला विसरू नका, पत्र्याचा डबा आहे, ओल्या पायांनी आई चढणार.

पिरंगुटवासी
कागदपत्रांचं कुणी बोललं नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी केली तर विमा क्लेमला अडचण येते. छतावर पॅनल ठोकण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

सिंहगडरोडकर
हो, ते एजंटकरवी चालू आहे, त्याचा वेगळा धागा काढीन.

सिंहगडरोडकर
दोन महिन्यांनी परत आलोय, काम झालं म्हणून लिहितोय, पुढे कुणाला उपयोग होईल.

जे बसवलं ते असं: २०० एएच लिथियम, १५० अँपिअरचा बीएमएस, लो टेम्परेचर कट असलेली. १००० वॉट प्युअर साइन. ३० अँपिअरचा डीसी टू डीसी. २०० वॉटची दोन पॅनल. घरी चार्ज करायला ४० अँपिअरचा चार्जर आणि बाहेरून १६ अँपिअरचं इनलेट. केबल ३५ ची, तपकीर गल्लीतूनच क्रिम्प करून आणली, बॉडीवाला आधी रागावला, मग स्वतःच लग ओढून बघत बसला. एसी बसवला पण तो फक्त बाहेरचा प्लग असेल तेव्हा, त्याला बॅटरीशी जोडलंच नाही. छताला आणि बाजूंना इन्सुलेशन करून घेतलं, पैसे जनरेटरचे वाचले होते ते तिथे घातले, आणि छतात एक एक्झॉस्ट पंखा. आईला त्यानेच जास्त फरक पडला.

परवा पवनेला दोन रात्री राहिलो. बॅटरीवर शंट मीटर लावलाय, बॅटरी किती टक्के भरली आहे ते दाखवतो. पहिल्या संध्याकाळी ९६ टक्के, सकाळी ६४, दुपारी तीनला १००. तीन पंखे, फ्रिज, सगळं चालू होतं. आई सकाळी सातपर्यंत झोपली, ती घरी पाचला उठते.

वायरमन_बिबवेवाडी
वाचून फार बरं वाटलं. आता एक करा, गाडी चारपाचशे किलोमीटर चालली असेल तर सगळे नट एकदा पाना लावून बघा. गाडी हादरते, घरासारखं नसतं.

सिंहगडरोडकर
काका, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच खाली गेलो आणि बघितलं. इन्व्हर्टरच्या निगेटिव्हचा नट पाव फेरा सैल होता. बाकीचे घट्ट. आवळला, स्प्रिंग वॉशर टाकला, आणि बायकोच्या लाल नेलपॉलिशने सगळ्या नटांवर आणि टर्मिनलवर मिळून एकेक रेघ ओढून ठेवली, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

रात्रपाळी_चाकण
रेघ उत्तम. मी पण आज ओढतो.